झाकणावर शिफ्ट कोणाची?

जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी निर्माण केलेली असते आणि तिचं काम संपलं की ती त्याच माणसाच्या हातात परत ठेवणं हे सज्जनाचं पहिलं कर्तव्य आहे, असं मनापासून मानणारा आणि तसं वागून उभ्या भिलाईला जेरीस आणणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. इतरांचे मामेसासरे लग्नात आहेर करतात, दिवाळीत फराळाला बोलावतात आणि एरवी निरुपद्रवी असतात. आमच्या मामांनी आमच्या लग्नानंतर आठव्या दिवशी दुर्गच्या मोहन नगरातलं आमचं घर शोधून काढलं, माझ्या वडिलांच्या हातात आमच्याकडून गेलेली लग्नपत्रिका ठेवली आणि म्हणाले, "घ्या जी. लगन लागलं, हिचं काम संपलं. आता हे आमच्या घरी कायले?" वडिलांना वाटलं, काहीतरी मोठंच बिनसलं आहे. त्यांनी घाबरून मामांना लागोपाठ दोनदा चहा पाजला. मामांनी तो शांतपणे घेतला आणि कप स्वतः स्वयंपाकघरात नेऊन माझ्या आईच्या हातात दिले.

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोकांनी नेलेली वस्तू परत आणावी म्हणून आयुष्यभर ज्याने पत्रं लिहिली, त्याला असा नातेवाईक मिळावा हा नशिबाचा विनोद आहे. सुरुवातीला मला मामांचं कौतुकच वाटलं. पुढे एका दिवाळी अंकात माझा लेख आला, त्याची प्रत मी त्यांना अभिमानानं दिली. चौथ्या दिवशी ती परत आली. "वाचलं," मामा म्हणाले. एवढा एकच शब्द. पुढे काही बोलतील म्हणून मी थांबलो, तर ते म्हणाले, "तुमचंच आहे ना? मंग तुमच्याचजवळ असू द्या." माझ्या लेखनावर इतकी नेमकी टीका त्यानंतर कुणी केलेली नाही.

हा स्वभाव कुठून आला, हे कळायला मामांची नोकरी समजून घ्यावी लागते. घर मूळचं भंडाऱ्याकडचं, धान पिकवणारं. मामांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये लागले, मागोमाग मामा लागले, तेही कोक ओव्हनला. तिथं कोळसा भट्टीत कोंडून, हवा लागू न देता भाजतात, त्याचा कोक होतो आणि तो पुढं लोखंड वितळवायला जातो. भट्टीला दोन्ही बाजूंनी दारं. दार नीट बसलं नाही की फटीतून पिवळा, डोळे जाळणारा धूर येतो. मामांचं काम त्या दारांचं. लोक नोकरीत बढतीच्या मागे लागतात, हा माणूस आयुष्यभर फटींच्या मागे लागला. कुठं एवढीशी रेघ दिसली की मामा फावडं आणि माती घेऊन तिच्या अंगावर धावून जात. धूर आतच राहायला पाहिजे, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. आणि दुसरा नियम प्लांटचा, पण मामांच्या हाडात शिरलेला: पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो येतो, लॉगबुकात सही करतो, मग आपण घरी. एकदा त्यांचा रिलीव्हर लग्नाला गेला होता आणि कुणाला सांगून गेला नव्हता. मामा लागोपाठ तिसऱ्या शिफ्टलाही तिथेच उभे होते. मामींनी शेवटी गेटवर निरोप धाडला, "घर चालू आहे का बंद, ते तरी सांगा म्हणावं."

असा माणूस निवृत्त झाला. दारं गेली, फटी गेल्या, लॉगबुक गेलं. मामांनी दुकानातून एक जाडजूड नवं लॉगबुक आणलं आणि बाहेरच्या जगाकडे मोर्चा वळवला.

पहिला सापडला तो खुर्सीपारच्या बाजारातला केळीवाला. मामांचं घर खुर्सीपारलाच, प्लांटच्या अंगाशी. मामा रोज एक केळं घेत, तिथंच उभे राहून खात आणि साल गाडीवर परत ठेवत. केळीवाला भडकला. "काका, ये क्या है?"

"छिलका है. तेरा है."

"मैंने तो केला बेचा था!"

"मैंने केला खाया. छिलका मैंने खाया क्या? लेके आया तू, लेके जायेगा तू."

"काका, केला बेचा है मैंने, उससे शादी नहीं की है कि ज़िंदगीभर निभाऊँ!"

हे भांडण पावसाळाभर चाललं. बाजारातले लोक भाजी घेता घेता दोन्ही बाजूंचे मुद्दे ऐकून जात. दिवाळीच्या सुमाराला केळीवाल्यानं गाडीच्या दांडीला एक पोतं टांगलं. घरी त्याची गाय होती, तिला सालं चालत होती, हे त्याला तोवर सुचलंच नव्हतं. मामांनी लॉगबुकात त्याची सही घेतली. त्याला लिहिता येत नव्हतं, त्यानं अंगठा दिला. मामा मला म्हणाले, "पाह्यलं जावईबापू? माणूस सुधरते. मागं लागावं लागते फक्त."

बाकीचे सुधारले नाहीत. मिठाईवाल्यानं रिकामे डबे घेतले नाहीत. औषधवाल्यानं गोळ्यांची रिकामी पाकिटं पाहून "तबियत कैसी है?" असं काळजीनं विचारलं, आणि तो प्रश्न गोळ्यांबद्दल नव्हता. एका राजकीय पक्षाचा पत्रकं वाटणारा कार्यकर्ता तर मामांना पाहून गल्ली बदलायचा, कारण मामांनी निवडणुकीनंतर त्याच्या दारात जाऊन जाहीरनामा परत दिला होता. "हे तुमचं राहिलं होतं," एवढंच म्हणाले होते. हा टोमणा होता असं त्या माणसाला आजही वाटतं. मामांना टोमणे मारता येत नाहीत. जाहीरनामा खरोखरच त्याचा होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग मामा काळ्या धुळीकडे वळले.

खुर्सीपारला गच्चीवर रात्री धुतलेलं पातेलं पालथं घातलं तर सकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. लोक झाडतात, पुसतात, विसरतात. मामा दर रविवारी गच्ची झाडून ती धूळ लोणच्याच्या बरणीत भरू लागले. बरणीवर तारखेची चिठ्ठी. एक भरली की दुसरी. मामी लोणचं घालायच्या थांबल्या, कारण बरण्याच उरल्या नाहीत. "ही कोळश्याची आहे," मामा सांगत. "कोळसा ज्यानं जमिनीतून काढला त्याची आहे. तो येईन, सही करन, घेऊन जाईन. मंग आपण मोकळे."

मी त्यांना माझ्या वाचनाच्या जोरावर समजवायला गेलो. म्हटलं, मामा, जगाला छळणारा तो कार्बन डायऑक्साइड वेगळा. तो वायू आहे, दिसत नाही. ही नुसती काजळी.

मामांनी ऐकून घेतलं. "दिसत नाही ना?"

"नाही."

"मंग त्याहीनं परत घेतला का नाही हे मले कसं समजन? म्हून दिसते त्याच्यापासून सुरू करू."

यात एकच माणूस भरडला जात होता, त्या मामी. मामींना दम्याचा त्रास. जिना चढून गच्चीवर आल्या की कठड्याला धरून उभ्या राहत आणि बोलण्याआधी दोनदा श्वास गोळा करत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, इथून हलवा. हलायला जागाही होती. उतईला मामांनी कधीकाळी प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. मागं शेतं, समोर चिंच, विहिरीला पाणी. घर चुना लावून तयार होतं आणि त्याला कुलूप होतं. खुर्सीपारहून उतईला जायला फार तर एका बसचा खेळ. पण मामा हलत नव्हते, कारण हँडओव्हर झालेला नव्हता. "अर्धी शिफ्ट सोडून कसा जाऊ?" ते विचारत. मामी मला म्हणायच्या, "जावईबापू, याईचा रिलीव्हर येईन तवा येईन. माह्या श्वासाले कोण रिलीव्ह करते, ते विचारा जरा." हे त्या हसून म्हणत, पण मध्ये थांबून म्हणत. पहिल्यांदा मी हसलो होतो. नंतर हसणं बंद झालं.

अशात एका रविवारी मामा सकाळीच मोहन नगरला आले, हातात वर्तमानपत्र, चेहऱ्यावर तेज. आतल्या पानावर एक बातमी होती. विलायतेतल्या काही विद्वानांचं म्हणणं छापलं होतं की, कोळसा आणि तेल जे जमिनीतून काढतात, त्यांच्यावरच कायद्यानं बंधन घालावं. जेवढा कार्बन काढला तेवढा पुन्हा पकडून जमिनीत सुरक्षित ठेवायचा, नाहीतर काढायचाच नाही.

"हे तर मी किती वर्सापासून सांगून राहिलो!" मामा खुर्चीतून अर्धे उठले. "केळीवाल्यालेसुद्धा समजलं. याईले आता सुचलं."

मी ग्रंथपालाच्या सावधपणानं म्हणालो की कंपन्या म्हणतील, आम्ही फक्त काढतो. जाळतो तो गिऱ्हाईक.

"जावईबापू, मी कोक ओव्हनचा माणूस. भट्टीत आमी काय टाकलं? कोळसा. धूर टाकला का? धूर आधीपासून त्याच्या पोटात होता. कोळसा म्हंजे घडी घालून ठेवलेला धूर. आता घडी मोडल्यावर म्हणते का हे आमचं नाही?"

मी या विषयावर बरंच काही वाचलं आहे. जाडजूड अहवाल, त्यांचे सारांश, सारांशांवरच्या टीका. "घडी घालून ठेवलेला धूर" इतकं स्वच्छ वाक्य मला त्यात सापडलेलं नाही. अहवाल लिहिणाऱ्यांना पगार बहुधा पानांवर मिळत असावा.

मग तो समारंभ आला. कोळसा काढणाऱ्या एका कंपनीनं भिलाईत एक मोठं सभागृह घेऊन नागरिकांना आमंत्रण दिलं होतं. विषय असा की, कंपनी कार्बन जमिनीत साठवण्याचा संकल्प सोडणार. समारंभाचं नाव इतकं लांब होतं की बॅनरवर त्याच्या तीन ओळी झाल्या होत्या आणि तिसरी ओळ कंपनीच्याच बोधचिन्हाखाली दबली होती. मामांनी बातमी वाचली आणि मामींना वचन दिलं, "त्याहीनं सही केली की दुसऱ्या दिवशी उतई."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी सोबत जा जी. सही घेऊनच आणा याईले." आणि मग हळू आवाजात, "सामान मी बांधूनच ठेवते."

म्हणून मी गेलो. मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. एका हातात लॉगबुक, दुसऱ्या हातात सगळ्यात जुनी बरणी, तोंडाला फडकं बांधलेली.

सभागृहाच्या मागे एक भलामोठा डिझेल जनरेटर धडधडत होता आणि काळा धूर सोडत होता. त्या विजेवर आत एक भिंतभर पडदा चालला होता, आणि पडद्यावर निळं आकाश होतं. प्रवेशद्वाराशी कुंड्यांमधली रोपं. एका तरुणीनं आम्हाला प्लास्टिकच्या वेष्टनात कागदी पिशवी दिली. मामांनी वेष्टन काढून तिच्याच हातात परत दिलं, तेव्हा तिनं पहिल्यांदा आमच्याकडे माणसांसारखं पाहिलं. मंचावर साहेब लोक बसले होते, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नवं कोरं पांढरं हेल्मेट. वातानुकूलित सभागृहात हेल्मेट कशाला, हे मला कळलं नाही. छत कोसळण्याची भीती असेल, तर ती आम्हालाही होतीच. कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकालाही हेल्मेट होतं. रायपूरहून आणलेला, दाट आवाजाचा, चमकदार कोट घातलेला तो तरुण प्रत्येक वाक्य असं म्हणत होता की जणू कुणाचा तरी राज्याभिषेक चालला आहे.

मुख्य साहेबांनी भाषण वाचलं. "हम धरती माँ का कार्बन धरती माँ की गोद में लौटाएँगे!" टाळ्या. कधी लौटाएँगे, हे पडद्यावर एका बाणानं दाखवलं होतं. बाण पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत जाऊन बाहेर निघून गेला होता. किती, हेही सांगितलं नाही. कोळसा मात्र पुढल्या वर्षापासून जास्त काढणार, हे अगदी तपशीलवार सांगितलं, आणि त्यालाही टाळ्या पडल्या. मग सूत्रसंचालक म्हणाला, कुछ प्रश्न? असा प्रश्न विचारण्यासाठी नसतो, तो समारंभाची शोभा असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांना नव्हतं. ते उभे राहिले.

"साहब, मैं कोक ओव्हन का आदमी हूँ. दरवाज़े का काम किया हूँ. दरवाज़ा कितना भी अच्छा हो, लीक करता है. आप ज़मीन के अंदर गैस रखेंगे, अच्छी बात है. ऊपर झाकण रहेगा न?"

"जी, झाकण... हाँ, ढक्कन... प्रकृति का अपना ढक्कन है, पत्थर की परत."

"तो उस ढक्कन पर शिफ्ट किसकी रहेगी?"

मी आजवर अनेक परिसंवाद ऐकले आहेत. प्रश्न विचारणारे बहुधा स्वतःचा परिचय करून देतात, मग दुसऱ्याचा अपमान करतात, मग खाली बसतात. प्रश्न विचारला गेलेला मी त्या दिवशी पाहिला.

साहेब म्हणाले, "देखिए, कुछ वर्षों के बाद वह शासन का विषय होगा."

"क्यों? कोयला निकाला तब शासन का था क्या?"

मागून कुणीतरी हसलं. साहेबांनी हेल्मेट सारखं केलं. "इस पर विस्तृत अध्ययन चल रहा है."

"अध्ययन चलते तक धुआँ कहाँ बैठेगा, साहब?"

"और बाबूजी के इस सुंदर विचार के लिए," सूत्रसंचालक मेघासारखा गरजला, "ज़ोरदार तालियाँ!"

टाळ्या पडल्या. प्रश्न मारायचा असेल तर त्याला टाळ्यांखाली गाडावा, ही विद्या मी तिथं शिकलो. साहेब मागच्या दारानं निघून गेले. त्यांची गाडी दीड तास इंजिन चालू ठेवून थांबली होती, आत बसताना त्यांना उकडू नये म्हणून.

मी पाणी शोधत होतो तेवढ्यात मामा माझ्या बाजूनं निसटले. मी वळून पाहिलं तर ते मंचाच्या पायऱ्यांशी उभे, चेहरा उजळलेला, आणि समोर पांढरं हेल्मेट घातलेला एक माणूस वाकून त्यांच्या लॉगबुकात सही करत होता. बरणी त्याच्या दुसऱ्या हातात होती. आता प्लांटच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही की पांढरं हेल्मेट म्हणजे साहेब. मामांनी उभी नोकरी पिवळ्या हेल्मेटात काढली. पांढरं दिसलं की बाजूला व्हायचं आणि ते सही करतील तर ती शेवटची, हे त्यांना श्वासासारखं पाठ. कंपनी आपल्या समारंभात पांढरी हेल्मेटं पेटीभर आणून दिसेल त्याच्या डोक्यावर ठेवील, हे त्यांच्या बुद्धीला शिवणं शक्यच नव्हतं. ते हेल्मेट सूत्रसंचालकाचं होतं.

"झालं!" मामा माझा हात धरून म्हणाले. "घेतलं त्याहीनं. सही केली. किती सज्जन माणूस, हसून घेतलं."

मी लॉगबुक हातात घेतलं. मामांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'धूळ, बरणी एक, मालकाच्या ताब्यात दिली. बाकीच्या घरी आहेत, येऊन न्याव्या.' खाली मोठी, शेपटीदार सही होती आणि सहीच्या वर लिहिलं होतं, 'शुभकामनाओं सहित'. त्या बापड्याला वाटलं होतं, म्हातारा चाहता आहे.

मी काय बोलणार होतो, देव जाणे. बोलायची वेळ आली नाही. कामगार मंच मोडू लागले होते. सूत्रसंचालकानं आमच्यासमोरच हेल्मेट काढून एका लाकडी पेटीत टाकलं, तिथं बाकीच्या साहेबांची हेल्मेटं होतीच, आणि पेटीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेलं होतं. मामा त्या पेटीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दाराकडे गेली. तिथं माळी एका रोपाच्या बुडाशी आमची बरणी रिकामी करत होता.

"अरे, ये क्या किया?" मी ओरडलो.

"खाद नहीं था क्या साहब? ऊपर से दिया, बोले कहीं रख दो." त्यानं बरणी सदऱ्याला पुसून मला परत दिली. माळी भला माणूस होता.

त्या अख्ख्या समारंभात प्रत्यक्ष जमिनीत गेलेला कार्बन तेवढाच. आणि तीही जमीन कुंडीतली होती. कुंडी भाड्याची. पाच मिनिटांनी ती ट्रकवर चढली.

परतताना रिक्षात मामा रिकामी बरणी मांडीवर धरून बसले होते. मला मामींची धास्ती होती. हा माणूस आता मरेपर्यंत खुर्सीपार सोडणार नाही, हे मला दिसत होतं. रिलीव्हर आलाच नव्हता. जो आला तो पेटीत परत गेला होता. आणि लॉगबुकात खोटी नोंद मामांनी उभ्या नोकरीत कधी केली नव्हती. एकदा साहेबांनी एक गळणारं दार 'ठीक' लिहायला सांगितलं, तर मामांनी 'साहेबांच्या मते ठीक' असं लिहून ठेवलं होतं.

मामी ओट्यावर बसल्या होत्या. मागं दोन ट्रंका, एक वळकटी, देवांची पेटी. आमची चाहूल लागताच त्या उठल्या, दोन पावलं आल्या, दाराला धरून थांबल्या. छातीचा आवाज मला अंगणातून ऐकू येत होता. तो शांत व्हायची वाट पाहून त्यांनी विचारलं, "घेतलं का जी त्याहीनं?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या ट्रंकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेतलं. सही आहे."

आणि लॉगबुक उघडून पुढं केलं.

मामींनी चष्मा लावून ते पान वाचलं. हिंदी शाळेत शिकलेल्या बाई, त्यांना ते दोन शब्द वाचायला कितीसा वेळ लागणार? पण त्या वाचत राहिल्या. मग पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि मामांना परत दिलं. "बरं झालं बाप्पा," त्या म्हणाल्या. "अक्षर चांगलं आहे साहेबाचं. चाबी घ्या आता."

मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं होतं. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. खुर्सीपारला धूळ फार.

आता ते उतईला असतात. मामी विहिरीवरून घरापर्यंत न थांबता येतात आणि वाटेत शेजारणीशी भांडूही शकतात. मामांचं मात्र फारसं बरं नाही. उतईची धूळ शेताची, ती वाऱ्यानं येते आणि वाऱ्यानं जाते. "हिले मालकच नाही," ते उदासपणे म्हणतात. "परत कोणाले देऊ?"

खुर्सीपारच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. परवा घर उघडून हवा द्यायला गेलो. वाटेत केळीवाला दिसला म्हणून दोन केळी घेतली. त्यानं पैसे घेतले आणि हात पुढेच ठेवला. मला कळेना.

"छिलका, साहब," तो म्हणाला. "यहीं खा लीजिए. काका बोल के गए हैं." मग पोत्याकडे बघत म्हणाला, "आएँगे क्या कभी?"

मी भर बाजारात उभा राहून, या वयात, दोन केळी खाल्ली आणि सालं त्याच्या हातात दिली.

गच्चीवरच्या खोलीत बरण्या रांगेनं आहेत. मालक आलेला नाही. लॉगबुक मामांनी मुद्दामच तिथं ठेवलेलं दिसलं, जिथलं तिथं. मी शेवटचं पान काढलं. त्या शेपटीदार सहीखाली मामांच्या अक्षरात आणखी एक ओळ होती, निघण्याच्या दिवसाची: 'रिलीव्हर आला नाही. घरच्या कारणानं जागा सोडली.' आणि त्याखाली, सवयीनं, पुढच्या माणसाच्या सहीपुरती जागा कोरी ठेवली होती.

पुस्तक मिटून ठेवलं आणि खिडकी लावून घ्यायला गेलो. चौकटीवर बोट टेकलं, ते काळं झालं. रुमाल काढला होता. मग तो परत खिशात ठेवला आणि शेवटच्या बरणीचं फडकं सोडलं.